खोक्यावर पेला, मानेवर काय?

दोस्तहो, वाशी-तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटात कधी पहाटे गेलात तर भाव विचारू नका. खोकी बघा.

फळ मार्केटात परदेशी सफरचंदाची, किवीची खोकी उतरत असतात. खोक्याच्या अंगावर चित्रं असतात. एक पेला, खाली दांडी असलेला, साहेबलोक दारू पितात तसला. म्हंजे काय, तर माल नाजूक आहे बाबा, आपटू नकोस. शेजारी उघडी छत्री. म्हंजे भिजवू नकोस. दोन बाण, टोकं वर. म्हंजे हे तोंड वरच राहू दे. आणि एकावर एक रचलेले चौकोन, त्यात एक आकडा. म्हंजे एवढीच खोकी रच, त्यावर एक जरी चढवलंस तर खालचं दबेल. हे वाचायला कुणाला मॅट्रिक व्हावं लागत नाही. साताऱ्याचा माथाडी वाचतो, उत्तर प्रदेशातून परवा आलेला पोरगा वाचतो, सातासमुद्रापलीकडच्या बंदरात ज्याने हे खोकं जहाजात चढवलं तो हमालही वाचतो. तिघांची भाषा वेगळी, तिघांना मिळून चार रेघा पुरल्या.

आता नजर खोक्यावरून खाली आणा. खोक्याखाली डोकं आहे, डोक्याखाली मान आहे, मानेखाली पाठीचा कणा आहे. त्यावर कसली खूण आहे? खोक्यावर किती खोकी रचायची ह्याचं चित्र जगभरच्या व्यापाऱ्यांनी एकमताने ठरवून टाकलं. माणसाच्या मानेवर किती किलो रचायचे ह्याचं चित्र कुणी काढलं नाही. त्याची शिफारस आहे. इंग्रजीत आहे. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली सांगितलं की एका पुरुषाने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोच्या वर असेल तर ती लवकरात लवकर ५५ वर आणा. कागद छान आहे. त्या कागदानंतर कितीतरी वर्षं दाणाबंदरात, आणि बाजार इकडे हलल्यावर तुर्भ्यात, क्विंटलची पोती माणसांच्या पाठीवरून चढत-उतरत राहिली. ५० किलोच्या वरची गोणी नको, एवढं म्हणण्यासाठी माथाडींना काम थांबवायची पाळी आली. सफरचंदाला काम थांबवावं लागलं नाही. त्याच्या वतीने पेला बोलला.

मुद्दा एवढाच आहे, आणि तो आपल्याच पोटात दुखेल असा आहे. ज्याच्याजवळ माल आहे त्याला केव्हाच कळलंय की चार रेघांत काम होतं. ज्याच्याजवळ विचार आहे, म्हंजे आपण, त्याला अजून वाटतं की विचार पोचवायचा तर लेखच पाडला पाहिजे. (हाही लेखच आहे. पण हा तुमच्यासाठी आहे, त्या बायांसाठी नाही. त्यांना ह्यातलं तुमच्याआधी कळलंय, ते पुढे येईल.)

आपलीच पानं उघडा. 'मूल्यव्यूह'. 'अस्तित्वगत कोंडी'. 'प्रस्थापित सौंदर्यदृष्टीचा विध्वंस'. चांगले शब्द आहेत, कमावलेले आहेत. धर्मशास्त्राने ज्यांच्या कानात शिसं ओतायला सांगितलं त्यांच्या नातवंडांनी ते छापलेत याचा आनंद मलाही आहे. पण वाचतं कोण? चेंबूरच्या चार पोरांनी लिहायचं, नागपूरच्या चार पोरांनी वाचायचं, आणि सदाशिव पेठेतल्या एका समीक्षकाने चहा पिता पिता 'दाहक' म्हणायचं. खेळ खलास. कांदा-बटाटा मार्केटात उकिडवी बसून सडका कांदा वेगळा काढणारी बाई ह्या फेऱ्यात कुठे आहे? तिच्यासाठी म्हणून आपण पत्रक काढतो. बारीक टाइप, पाठपोट छपाई, पहिलंच वाक्य सात ओळींचं. वाटून झाल्यावर दहा मिनिटांनी परत एक चक्कर मारा आणि पत्रकाचं काय झालं बघा. एकीने त्यात तंबाखू बांधलीय, दुसरीने ते बुडाखाली घेतलंय, कारण फरशी ओली आहे. बाई अडाणी म्हणून असं झालं? च्यायला, पत्रक अडाणी आहे. कुणाशी बोलतोय हे त्यालाच ठाऊक नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या बायांची साक्षरता ७६ टक्क्यांच्या आसपास होती. म्हंजे सात वर्षांवरच्या चार बायांत एकीला अक्षर येत नव्हतं. ही सरासरी आहे, बंगल्यातल्या बाया धरून. मार्केटात सडका माल निवडायला जी बसते तिचा हिशोब तुम्हीच करा.

आणि अक्षर नाही म्हणून तिथलं काही अडतं का? अख्खं मार्केट खुणांवर चालतं. गोणीवर मार्का असतो, कुठे दोन अक्षरं, कुठे चांदणी, कुठे नुसता लाल पट्टा. टोळीतला माणूस तो अक्षर म्हणून ओळखत नाही, आकार म्हणून ओळखतो, आणि शंभर गोण्यांतून नेमकी त्या गाळ्याची गोणी त्या गाळ्यावर नेऊन टाकतो. मोजणी चालते ती चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, कोळशाने भिंतीवर. हे चित्रच आहे, बेट्यांनो. मुंबईचे डबेवाले शंभराहून जास्त वर्षं डब्याच्या झाकणावरच्या रंगावर नि खुणेवर पोट भरतायत, साहेबाचं आणि आपलं. फळ मार्केटात तर आंब्याचा सौदा वर्षानुवर्षं रुमालाखाली होत आला. अडत्या आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबणार, भाव ठरणार, आणि ज्याचा आंबा तो शेतकरी बाजूला उभा राहून नुसता रुमाल बघणार. बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा, त्यात विक्री उघड्यावर व्हायची. रुमाल कायद्यापेक्षा जाड निघाला.

तेव्हा बिनअक्षराची भाषा इथे दोन प्रकारची आहे. एक रुमालाखालची, दोघांना कळावी आणि तिसऱ्याला कळू नये अशी. दुसरी भिंतीवरच्या कोळशाची, अख्ख्या टोळीसमोर, कुणी एक रेघ जास्त मारली तर दहा जण बोंब मारतील अशी. आपल्याला ही दुसरी पाहिजे.

मसाला मार्केटच्या मागच्या बाजूला मिरची निवडणाऱ्या बायांत एका दुपारी बसलो होतो. ठसका असा की बोलणारा आधी खोकतो. सोबत एक कार्यकर्ता होता, चांगला शिकलेला पोरगा, तो १९६९ चा माथाडी कायदा समजावत होता. त्याचं सगळं बरोबर होतं. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही बोर्डात भरायची, बोर्डाने मजुरी कामगाराला द्यायची, प्रॉव्हिडंट फंड, बोनस, औषधपाणी त्या लेव्हीतून. ज्याची बोर्डात नोंद नाही त्याला ह्यातलं काही नाही. ह्या बायांची नोंद कुठल्याच बोर्डात नव्हती, मधे ठेकेदार होता. 'नोंदणीकृत मालक', 'अनुसूचित रोजगार', असं अर्धा तास चाललं. बाया माना हलवत होत्या आणि हात मिरचीत होते. मग एक म्हातारी म्हणाली, "आरं लेकरा, पैसं जात्यात कुटं त्येवडं सांग की."

पोरगा गप्प झाला. म्हातारीच्या शेजारणीने विटेचा तुकडा उचलला आणि फरशीवर चौकोन काढला. गाळा. गाळ्यातून बाहेर आलेला एक हात. हाताखाली गोल पोटाचा माणूस. पोटाच्या खाली बारकी बारकी सुपं, ती ह्या बाया. हातातून पाच रेघा सोडल्या. चार पोटात गेल्या, एक सुपांवर आली.

मग मिरची थांबली. एक म्हणाली, पोट ल्हान काढलंस. शेजारणीने मोठं केलं. दुसरीने वीट हिसकावून घेतली. म्हणाली, त्यो एकला न्हाई, त्याच्या मागं आजून एक हाय. आणि पोटामागे दुसरं पोट काढलं. त्या दुसऱ्या पोटाची बातमी आमच्या पोराला सहा महिने मार्केटात फिरून मिळाली नव्हती. तिसरीने दोन्ही पोटांना वळसा घालून गाळ्यापासून सुपापर्यंत सरळ एक रेघ ओढली आणि पोराकडे बघून विचारलं, "ही आशी न्हाई का येत?"

ती सरळ रेघ म्हंजे माथाडी बोर्ड, दोस्तहो. १९६९ च्या कायद्याचं सार तिने विटेने काढलं आणि वर प्रश्न आपल्याला टाकला.

आता ह्यात कला शोधत बसू नका. हात काटकीसारखा होता, माणूस वांग्यासारखा होता. ते चित्र वाईट होतं म्हणूनच कामाला आलं. छापील पत्रकात चूक असली तर बाई बोलत नाही, कारण छापलेलं म्हंजे शिकलेल्याचं, आणि शिकलेल्याला काय सांगायचं? विटेची रेघ चुकली तर ती वीट मागते. पत्रकाने आपण तिला सांगतो. विटेने ती आपल्याला सांगते, आणि जे सांगते ते आपल्याला माहीत नसतं. ह्या एका गोष्टीसाठी मी दहा परिसंवाद सोडून द्यायला तयार आहे.

कुणी म्हणेल, आम्हाला चित्र येत नाही. कुणी सांगितलं? चित्र काढायला जे. जे. त जावं लागतं हे डोक्यात कुणी भरलं? ते स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली निघालं तेच मुळी इथल्या कारागिरांचा हात सुधारायला, म्हंजे हात आधी होता, शाळा मागून आली. गिऱ्हाइकाचा पाय कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवणारा चांभार काय करतो? सुतळीला गेरू लावून भिंतीवर रेघ झटकणारा गवंडी? आजीच्या हातावर गोंदणारी बाई? गावाची शीव कुठून कुठे जाते हे महाराला विचारत. शिवेचा तंटा लागला की पाटील-कुलकर्ण्यांचे कागद कमी पडत आणि महाराच्या डोक्यातला नकाशा चाले. नकाशा त्याचा, आणि जमीन? तो विषय निघाला तर हा लेख संपायचा नाही. डहाणूकडच्या वारल्यांना तर एकावर एक टोकाने उभे केलेले दोन त्रिकोण पुरले, माणूस झाला. तांदळाच्या पिठाने, कुडाच्या भिंतीवर. जिव्या सोमा म्हसे ह्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले, आणि त्यांचे त्रिकोण आज पंचतारांकित हॉटेलांच्या भिंतींवर आणि चहाच्या मगांवर नाचतायत. बाजाराला रेघेची किंमत कळते. कळत नाही ती आपल्याला.

बरं, आपल्या चळवळीला हे नवीन आहे का? अजिबात नाही. पुस्तकाआधी वस्तीत जलसा पोचला. भीमराव कर्डकांचा फड उभा राहिला तेव्हा समोरच्या गर्दीत वाचता येणारे किती होते? विचार कानाने आत गेला आणि कुणी त्याला उथळ म्हटलं नाही. डोळ्यांनीही गेलाय. १९५१-५२ ची पहिली लोकसभा निवडणूक आठवा. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८ टक्क्यांच्या घरात. अडाण्यांना मत कशाला, म्हणणारे शहाणे तेव्हाही होते. सुकुमार सेन ह्यांच्या निवडणूक आयोगाने मार्ग काढला तो चित्राचा. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं झाड, आपल्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती. बाबासाहेब उत्तर मुंबईत पडले, ते दुःख वेगळं. पण ज्याला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं त्याने हत्ती बरोबर वाचला. देशाचं सरकार ज्या रेघांवर निवडता आलं त्या रेघांवर मिरचीची मजुरी समजावता येत नाही काय?

आणि वस्तीतला पुतळा घ्या. कोट, टाय, हातात पुस्तक, पुढे केलेलं बोट. हे कुठल्या कलामंडळाने ठरवलं नाही. लोकांनी ठरवलं, लोकांनी वर्गणी काढली. आज वस्तीतलं पाच वर्षांचं पोर चष्मा, टाय आणि पुस्तक एवढं काढतं आणि कुणी विचारत नाही की हे कोण.

आपल्या थोरल्यांनी १९७२ साली नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून. नाव घेतलं, डरकाळी घेतली. एमोरी डग्लस घ्यायचा राहिला. हा कोण, असं आपल्यातले निम्मे विचारतील. ब्लॅक पँथर पार्टीचा सांस्कृतिक मंत्री. १९६७ पासून त्यांच्या वर्तमानपत्रात चित्रं काढणारा. पोरवयात सुधारगृहाच्या छापखान्यात राबलेला. त्यामुळे छपाई गरिबाला किती परवडते हे त्याला ठाऊक होतं. जाड काळी रेघ आणि जोडीला एखादा रंग. पोलीस काढायचा तर डुक्कर काढायचा, गणवेश घातलेलं, भोवती माशा घोंगावणारं. एवढ्यावर थांबला असता तर तो नुसता शिव्या देणारा झाला असता. त्याने खोलीतले उंदीर काढले, घरभाडं काढलं, पोरांचा सकाळचा नाश्ता काढला. ते पत्र भरात असताना आठवड्याला लाखाच्या वर जात होतं. वाचायला ज्यांना येत नव्हतं किंवा वेळ नव्हता ते मागचं पान फाडून भिंतीला चिकटवत होते. आपल्या मासिकाचं मागचं पान कुणी कधी फाडलंय, सांगा! आपल्या मागच्या पानावर वर्गणीचे दर असतात.

ज्यांना हे अजूनही पोरखेळ वाटतं त्यांच्यासाठी ब्राझीलची एक गोष्ट. पाउलो फ्रेरे ह्या शिक्षकाने १९६३ साली आंजिकोस ह्या गावात ३०० मजुरांना ४० तासांत अक्षर शिकवायचे वर्ग घेतले. आधी भिंतीवर चित्र. रोजच्या कामाचं, हत्याराचं, घराचं. त्यावर मजुरांनीच बोलायचं, आणि मग अक्षर. १९६४ साली लष्कराने सत्ता बळकावली, हा कार्यक्रम बंद पाडला आणि फ्रेरेला तुरुंगात घातलं. पोरखेळाला बंदूकवाले भीत नसतात.

आता दुसरी बाजू. चित्र म्हटलं की आपल्या माणसाचा हात मुठीत जातो, आणि त्याला कारण आहे. चित्राची पेन्सिल फार काळ त्यांच्याच हातात राहिली. १९३२ ते १९५६ ह्या काळात इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या व्यंगचित्रकारांनी बाबासाहेबांना कसकसं रंगवलं ते उन्नमती श्याम सुंदर ह्यांनी २०१९ साली पुस्तकात गोळा केलंय. बघून डोकं फिरतं. बुटके काढलेत, पोरकट काढलेत. २०१२ च्या मे महिन्यात एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकातल्या एका चित्रावरून संसद पेटली. चित्र व्यंगचित्रकार शंकर ह्यांचं, १९४९ चं. संविधान म्हंजे गोगलगाय, तिच्यावर बाबासाहेब बसलेले, मागे नेहरू चाबूक उगारून. पुस्तकातून चित्र गेलं. पुण्याला विद्यापीठात एका प्राध्यापकाच्या कार्यालयाची मोडतोड झाली.

राग खरा होता, त्यावर मला बोलायचं नाही. पण तो खुर्च्यांवर निघाला आणि संपला. मोडलेल्या खुर्चीचा फोटो छापून त्यांनी आपल्यालाच पुन्हा चित्र करून टाकलं. दुसऱ्या दिवशी वस्तीवस्तीच्या भिंतीवर त्याच गोगलगायीचं दुसरं चित्र यायला पाहिजे होतं. तिच्या पाठीवर हजारो वर्षांचं सामान लादलेलं, सामानावर भटजी-शेटजी पाय पसरून बसलेले, आणि तेच ओरडतायत की ही एवढी हळू का चालते. हे काढायला एक दुपार आणि बादलीभर चुना लागला असता.

खरी अडचण ह्याच्या पुढची आहे आणि ती कुणी बोलत नाही. जात काढायची कशी? एका गोणीखाली मराठा माथाडी, दुसऱ्या गोणीखाली महार. दोघांच्या वाकलेल्या पाठीची रेघ एकच. सवर्ण चित्रकाराला ही अडचण पडत नाही. तो काळं तोंड, फाटकं धोतर, झुकलेली मान काढतो आणि मोकळा होतो. साल्यांच्या डोळ्याला आपण तसेच दिसतो. आपण तसलं काढायचं नाही, आणि आपल्यातल्याच काही चित्रकारांनी दया मागायला तसलंच काढलंय, तेही थांबवायचं. जात चेहऱ्यावर नसते, दोन माणसांच्या मधल्या जागेत असते. ती जागा काढा. माठ आणि त्यापासून चार हात लांब धरलेली ओंजळ. टपरीच्या खिळ्याला टांगलेला वेगळा कप. जेवणाच्या सुट्टीत गोल करून बसलेली टोळी आणि गोलाबाहेर एकच डबा.

२०११ साली 'भीमायन' नावाचं बाबासाहेबांवरचं चित्रपुस्तक निघालं. काढणारे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम, परधान गोंड चित्रकार. त्यांनी माणसांना चौकटीत कोंबलं नाही, पान मोकळं ठेवलं. आणि जातीवर त्यांनी फार साधा इलाज केला. जो विखारी बोलतो त्याच्या शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी. जो साधं बोलतो त्याच्या शब्दांना पाखराचा आकार. तोंड कुणाचंही असो, कपडे कसलेही असोत, नांगी दिसली की कळतं. हे कुठल्या सौंदर्यशास्त्रात बसतं ते समीक्षकांनी ठरवावं. शाळेत न गेलेल्या बाईला ते एका नजरेत कळतं.

सरकारला हे येत नाही असं समजू नका. पाकीटबंद खाण्यावर चौकोनातला हिरवा ठिपका बघा. २००१ च्या सुमाराला आला. मांसाहारी मालाला आधी तपकिरी ठिपका होता, आता तपकिरी त्रिकोण आहे. कशासाठी? शाकाहारी माणसाच्या तोंडात चुकून नको ते जाऊ नये. अक्षर न येणाऱ्यालाही लांबून कळावं म्हणून आकार आणि रंग ठरवून, कायदा करून, बिस्किटाच्या पुड्यापर्यंत पोचवलं. सोवळ्याची एवढी काळजी! आता मॅनहोलचं झाकण बघा. त्यावर कुठलं चित्र आहे? गटारात माणूस असा उतरवायचा नाही हे सांगणारा कायदा २०१३ चा. गटारात माणूस मेला तर घरच्यांना १० लाख, असं सर्वोच्च न्यायालय २०१४ साली बोललं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३० लाख केले. सगळं निकालपत्रात आहे. ज्या घरातला माणूस गेला त्या घरात निकालपत्र पोचत नाही, पाकीट घेतलेला माणूस आणि अंगठ्याची शाई पोचते.

एक गोल काढा. गोलातून वर आलेलं डोकं. त्यावर फुली. खाली ३ आणि तीनापुढे सहा शून्यं. तुर्भ्याच्या प्रत्येक झाकणाशेजारी हे काढायला किती पोरं लागतील? आपल्या मागच्या कविसंमेलनाला आली होती त्याच्या निम्मी.

आणि फ्लेक्सला कुणी चित्र म्हणू नका. १४ एप्रिलला नाक्यावर लागतो तो. बाबासाहेब कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढे. मधे शुभेच्छुक, हात जोडून, घड्याळ दिसेल असा. खाली साठ-सत्तर तोंडं, गॉगल लावलेली. हा हजेरीपट आहे. त्यातून कुणाला काही कळत नाही. कुणाचा हात कुणाच्या खिशात आहे एवढंच कळतं.

तर सामान: विटेचा तुकडा, कोळसा, गेरू, चुना. पावसाळ्यात खडू टिकत नाही. नेत्याचं तोंड काढायचं नाही, आपल्याही नाही. अक्षर नको, आकडे चालतील. आकडा मार्केटात सगळ्यांना येतो, कुणाला भाव चुकीचा सांगून बघा. चित्र अर्धवटच काढायचं आणि वीट समोरच्याच्या हातात देऊन तोंड बंद ठेवायचं. हे सगळ्यात अवघड आहे, विशेषतः कवींना. त्यांनी खोडून, वाढवून जे होईल त्याचा मोबाईलवर फोटो घ्यायचा आणि दुसऱ्या गल्लीत दाखवायचा, तिथली माणसं त्यात आणखी काय घालतात बघायला.

मानेवरच्या ओझ्याची खूण कशी असावी ह्यावर दाणा मार्केटातल्या दोन टोळ्यांत सध्या वाद लागलाय. एकजण म्हणतात, गोणीवर ५० लिहून त्याच्या वरच्या आकड्यावर फुली मारा. दुसरे म्हणतात, आकडा कशाला, सरळ वाकडी झालेली मान काढा, मुकादमाला ती बघवत नाही. दोन्ही चित्रं आमच्याकडे आलीत. मिरचीवाल्या बायांची दोन पोटंही आलीत, मधल्या काळात त्यांत तिसरं वाढलंय. पुढच्या अंकाची मधली चार पानं त्यासाठी कोरी सोडली आहेत. कुणी कविता पाठवू नये.